चार बादल्यांची शांती

त्या रविवारी गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या बाहेर रस्त्यावर काढल्या होत्या, टायरांची चळत भिंतीला सरकवली होती आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर चाळीसेक माणसं चिडीचूप उभी होती. मधोमध बुवा पालथे पडलेले. उजवा कान काँक्रीटला, डोळे मिटलेले, एक हात वर, म्हणजे कुणी खोकू सुद्धा नका. त्यांच्या नाकासमोरून ती भेग जात होती. शटरपासून निघून, गॅरेजच्या पोटातून वाकडीतिकडी होत, घरात जायच्या दाराखाली शिरणारी.

बुवांनी बोट हलवलं. गॅरेजच्या मालकानं, म्हणजे ज्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणते त्यांनी, बादली उचलून पाणी भेगेत ओतलं. पहिली बादली गेली. दुसरी गेली, तिसरी गेली, चौथीही गेली, आणि जमिनीवर साधं थारोळं नाही. चार बादल्या पाणी भेगेनं गिळलं. मग आतून आवाज आला. गुडगुड, गुडगुड, आणि शेवटी एक लांब हुंदका.

"रडतंय," बुवा डोळे न उघडता म्हणाले. "घर रडतंय."

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेतला एक पहिलवान गडी चपला काढून उभा राहिला. बुवांनी उठून कपडे झटकले आणि निकाल दिला. काल उस्तादांची सूनबाई पुन्हा बाहेर गेली होती, म्हणून भेगेत आज पत्त्यांची चार पानं मावतात. आता पुरे झालं. तिनं उंबरा ओलांडायचा नाही, भेग आपोआप मिटेपर्यंत.

आणि घरात जायच्या त्या दाराआड, फटीला डोळा लावून, ती सूनबाई आपलाच निकाल ऐकत उभी होती. चाळीस माणसांपैकी एकालाही तिला विचारावंसं वाटलं नाही की बाई गं, तुझं काय म्हणणं आहे.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते ऐका. गॅरेजची जमीन दोन वर्षांपूर्वी नव्यानं घातली होती. सहा महिन्यांत तिच्यावर केसासारखी रेघ उमटली. उस्तादांनी ती घालणाऱ्या गवंड्याला बोलावलं. गवंडी आला, उकिडवा बसला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, माझं काम पक्कं आहे, हे काहीतरी वेगळं दिसतंय, माझ्या ओळखीचे एक बुवा आहेत. गवंड्यानं बुवा का आणावा, हा प्रश्न तेव्हाच कुणी विचारला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नाचता येईना अंगण वाकडं, हे अंगण करणाराच म्हणायला लागला तर कोण काय बोलणार?

बुवा आले, जमिनीला कान लावला आणि विचारलं, "घरात अलीकडे काही बदल झालाय?" काय प्रश्न आहे बघा. बदल कुठल्या घरात होत नाही? फ्रीज घेतला असता तर फ्रीजचा दोष निघाला असता. पण सासूबाई भोळेपणानं सांगून बसल्या की सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचा कोर्स पास झालीय आणि आता नोकरीसाठी जाणंयेणं सुरू होईल. बुवांनी मान डोलावली. जे समोरच्यानं आत्ता सांगितलं तेच थोड्या जड आवाजात परत सांगायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. पाया म्हणजे काय, तर जो जागचा हलत नाही तो. घराचा पाया सिमेंटचा नसतो, घरच्या बाईचा असतो. पाया चालायला लागला तर घर कुठं जाईल?

वाक्य गुळगुळीत होतं, त्यामुळे सगळ्यांच्या घशाखाली उतरलं. कुणीतरी चाचरत विचारलं की सासूबाई तर रोज बाजारात जातात, त्यांचं काय. त्यावर बुवा हसले. म्हणाले, जुना पाया मुरलेला असतो.

उपायही सोपा होता. सून ज्या दिवशी बाहेर जाईल त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत भेगेत चार बादल्या पाणी ओतायचं. शांती होते. ती घरात राहिली तर काही करायची गरज नाही.

पहिल्यांदा ती मुलाखतीला गेली. उस्तादांनी चार बादल्या ओतल्या. दोन दिवसांनी बुवांनी भेगेत नख घालून दाखवलं, आधी जात नव्हतं ते आता जात होतं. दुसऱ्यांदा ती कागदपत्रं द्यायला गेली, चार बादल्या, आणि मग भेगेत पत्त्यांची दोन पानं उभी राहिली. तिला आधी वाटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. पण तिसऱ्यांदाही तेच आणि चौथ्यांदाही तेच. भेग खरंच वाढत होती. आणि भेग खरंच फक्त सून बाहेर गेली की वाढत होती. हेच तर भयंकर होतं. बुवा थापा मारत असते तर ती भांडली असती. पानं डोळ्यांदेखत भेगेत जात होती, त्यांच्याशी कसं भांडणार?

त्या रविवारनंतर सासूबाईंनी गॅरेजच्या बाजूनं दाराला कडी घातली. घर गॅरेजच्या मागे होतं, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती आणि रस्त्यावर जायला तेवढं एकच दार. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्याची भिंत. त्या भिंतीवर एक पाण्याचा पाइप होता. सुनेला त्या पाइपाचे सगळे सांधे पाठ झाले.

तिच्यावर कुणी हात उगारला नाही हो. जेवायला सगळ्यात आधी तिला वाढत. डोकं दुखतं म्हणाली तर सासूबाई उशाशी बसत आणि पुन्हा पुन्हा सांगत, "बाळा, छप्पर आपल्याच डोक्यावर आहे." हीच मोठी पंचाईत होती. भांडायला समोर वाईट माणूसच नव्हतं. नवरा जहाजावर. बंदर लागलं की फोन करायचा आणि म्हणायचा, थोडे दिवस कळ काढ, मी आलो की बघू. तो यायला सात महिने होते. माहेरी थोरला भाऊ, त्याला फोन केला तर तो म्हणाला, मोठ्यांचं ऐकावं, घराचा प्रश्न आहे. आणि प्रयोगशाळेचं पत्र तिच्या उशीखाली होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला हजर व्हा, न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल.

सोमवार तीन आठवड्यांवर होता. मग दोनवर आला. रात्री अंथरुणावर पडलं की तिला वाटायचं, आपल्या छातीवर कुणीतरी पाट ठेवलाय. दिवसा ती घरातल्या घरात फेऱ्या मारायची, दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं. आणि खरं सांगायचं तर एकदोनदा तिच्याही मनात येऊन गेलं, खरंच आपल्यामुळे होत असेल तर?

मग एक गंमत झाली. एका गिऱ्हाइकानं गाडी धुवून मागितली. उस्तादांनी ती गॅरेजमध्येच धुतली, पाइप लावून चांगला अर्धा तास. सगळं पाणी वाहत वाहत भेगेत गेलं. दोन दिवसांनी भेग पुन्हा वाढलेली. सून तर कडीच्या आत! उस्ताद घाबरले, बुवांना बोलावलं. बुवा जरासे गडबडले, पण क्षणभरच. कान लावला आणि म्हणाले, "देहानं घरात होती. मनानं उंबरा ओलांडला."

दाराआड सुनेनं हे ऐकलं आणि तिला पहिल्यांदा राग आला. एवढे दिवस भीती होती, शरम होती, आता अंगाचा नुसता संताप संताप झाला. तो संताप फार कामाला आला. कारण रागाच्या भरात ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि विचार करू लागली की त्या दिवशी असं काय होतं जे आधीच्या चारही वेळांना होतं. मी बाहेर जाणं नव्हतं. मग काय होतं?

पाणी होतं.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. रक्ताची तपासणी करताना रांगेत एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात सगळी औषधं घालायची, फक्त रक्त घालायचं नाही. त्या कोऱ्या नळीतही रोग दाखवणारा रंग आला तर रोग्याला दोष देऊ नका, औषधाची बाटली बघा. इथं तिला रोगी ठरवून कोंडून ठेवलं होतं आणि औषधाच्या बाटलीकडे कुणी बघितलंच नव्हतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, इथं तर औषधानंच रोग होत होता.

पण हे पटवायचं कुणाला? सासूबाईंना भीतीनं ऐकूच येत नव्हतं. राहिले उस्ताद. उस्ताद म्हणजे इंजिनातला माणूस. त्यांच्या खिशात कायम फीलर गेज असायचं, पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट त्यानं मोजायची. पात्याला ती फट घट्टही नको आणि सैलही नको. तीस वर्षांत उस्तादांनी ती फट एकदाही अंदाजानं लावली नव्हती, आणि जो अंदाजानं लावतो त्याला ते मेकॅनिक म्हणत नसत.

रात्रीच्या जेवणाला ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, गिऱ्हाईक म्हणालं इंजिन रुसलंय, तर तुम्ही काय करता?"

"उघडून बघतो."

"आणि फट?"

"गेज लावतो. दुसरं काय करणार?"

"मग भेगेला गेज का नाही लावलं?"

उस्ताद घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, भेग म्हणजे इंजिन नव्हे, आणि ताटावरून उठले. पण अपमान झाला होता तो बुवांचा नव्हता, गेजचा होता. दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळी शटर अर्धं वर करून ते भेगेपाशी बसलेले तिला फटीतून दिसले. एक मिलिमीटरचं पातं आणि वर चाळीस शतांशाचं. दोन्ही मिळून भेगेत बरोब्बर बसली. त्यांनी शेजारी खडूनं आकडा लिहिला.

मग तिनं पुढचं मागितलं. म्हणाली, गुरुवारी मी दिवसभर आईंच्या नजरेसमोर बसते, अंघोळीपुरती उठेन, आणि तुम्ही चार बादल्या ओता. उस्ताद चमकले. विनाकारण शांती कशी करायची? त्यावर ती म्हणाली, "पाणी शांतीचंच आहे ना बाबा? थोडी जास्त शांती झाली तर काय बिघडणार?"

उस्ताद कबूल झाले. गुरुवारी सकाळी गेज लावलं, आकडा बुधवारचाच. मग चार बादल्या गेल्या. गुडगुड झालं, हुंदका झाला. शुक्रवारी सकाळी एक मिलिमीटर आणि पंचावन्न शतांश. शनिवारी एक मिलिमीटर आणि ऐंशी. उस्तादांनी पाती पुसून पुन्हा लावली, मग चष्मा पुसून पुन्हा लावली. आकडा हलला नाही.

दार उघडून ते आत आले तेव्हा चेहरा पडलेला होता. म्हणाले, तू मनानं गेली असशील.

"मनानं मी रोज जाते, बाबा," ती म्हणाली. "सोमवारी गेले, मंगळवारी गेले, बुधवारी गेले. मग गुरुवारी सकाळी आकडा बुधवारचाच कसा होता?"

उस्तादांनी गेज खिशात टाकलं. उद्या रविवार आहे, बुवांना सगळ्यांसमोर विचारतो, एवढंच बोलले. परवाचा सोमवार म्हणजे तिच्या पत्रातला सोमवार होता. ते दोघांनाही माहीत होतं.

रविवारी पुन्हा गर्दी. बुवांनी कान लावायच्या आत उस्ताद म्हणाले की सुनेला काही विचारायचंय, तिला बाहेर येऊ दे. बुवा म्हणाले, जरूर. सासूबाईंनी कडी काढली.

दार उघडलं नाही.

दार आतल्या बाजूला उघडत असे. सुनेनं आतून मूठ धरून ओढलं. हललं सुद्धा नाही. सासूबाईंनी बाहेरून ढकललं, मग त्या पहिलवान गड्यानं खांदा लावला. दार जणू भिंतीचाच भाग झालं होतं. गर्दीतून एकदम कुजबुज उठली, आणि बुवांनी संधी बरी सोडली असती! त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बघा. कडी काढली तरी घर तिला सोडत नाही."

दाराच्या आत सुनेनंही ते ऐकलं. हे तिच्या हिशेबात नव्हतं. इतके दिवस ती माणसांच्या कडीत होती, आज कडी निघाली होती आणि तरीही ती आतच होती. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय भिंतीला लावला आणि जिवाच्या आकांतानं ओढलं. हात घसरला, कोपर भिंतीवर आपटलं. मागे घर, समोर दार, पलीकडे चाळीस माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाला आता खात्री पटलेली. ती तिथंच खाली बसली आणि तिला रडू फुटलं. मनात म्हणाली, सुटले नाही मी. आता कधीच नाही सुटत.

उस्ताद मात्र दाराकडे बघत नव्हते, चौकटीकडे बघत होते. अपघातात ठोकर लागलेल्या गाड्या त्यांनी शेकड्यांनी बघितल्या होत्या. गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जरा पिळली की दार अडकतं. लोक दार ठोकत बसतात आणि दोष मात्र खाली असतो. त्या गाडीला आपल्या प्रवाशाचा लळा लागलाय असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं म्हटलं नव्हतं. त्यांनी खिशातून गेज काढलं. दाराच्या वरच्या एका कोपऱ्यात सगळ्यात पातळ पातं सुद्धा जाईना. दुसऱ्या कोपऱ्यात चार पाती एकदम गेली.

"चौकट तिरकी झालीय," ते म्हणाले. मग दारापाशी वाकले आणि आवाज दिला, "पोरी, ऐकतेस का? रडू नकोस. खालच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर सरकवतोय. बिजागऱ्या तुझ्या बाजूला आहेत. तिन्हींच्या खिळी खालून वर ठोकून काढ. ठोकायला काहीतरी जड घे."

आत स्वयंपाकघरात खडखड झाली. मग टक, टक, टक सुरू झालं.

उस्ताद वळले. चौकटीच्या वर भिंतीच्या गिलाव्यात एक नवी भेग जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली होती. गेल्या रविवारी ती नव्हती. सगळे जमिनीकडे बघण्यात एवढे रंगले होते की भिंतीकडे कुणी मान वर केलीच नव्हती. उस्तादांनी गर्दीतल्या गवंड्याला बोटानं पुढे बोलावलं आणि साधा प्रश्न विचारला. चार बादल्या पाणी जातं कुठं?

गवंड्यानं बुवांकडे बघितलं. बुवांनी छताकडे बघितलं. आत टक टक चालूच होतं. पहिली खीळ खाली पडल्याचा आवाज आला.

"पोकळी आहे खाली," गवंडी अखेर पुटपुटला. मग एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. तुम्हाला घाई होती उस्ताद, मलाही होती. जमिनीखाली भराव घातला तो नीट ठोकून दाबला नाही, तो पुढे खाली बसला. काँक्रीट वाळताना आक्रसतंच, त्याला आक्रसायला मध्ये सांधे सोडावे लागतात, ते मी सोडले नाहीत, म्हणून पहिली रेघ आली. तेवढीच असती तर काही बिघडत नव्हतं. पण भरावाच्या खाली काळी चिकणमाती आहे. ती पाणी प्यायली की फुगते आणि वरचं सगळं उचलते. भिंतीचा पाया सुद्धा.

"आणि हुंदका?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"हवा असते ना वहिनी पोकळीत. पाणी आत गेलं की ती बाहेर येते. बारीक तोंडाची बाटली नळाखाली धरली की होतं तसंच."

दुसरी खीळ पडली.

उस्ताद भेगेशेजारी लिहिलेल्या खडूच्या आकड्यांकडे बघत होते. त्यांनी लोकांना गुरुवारचं सगळं सांगितलं. सून घरात, बायकोच्या नजरेसमोर, आणि पाणी भेगेत. मग म्हणाले, "ती बाहेर गेली की भेग वाढायची, हे खोटं नव्हतं. ती बाहेर गेली की मी पाणी ओतायचो. भेग मी वाढवत होतो. आणि कोंडलं तिला."

वड्याचं तेल वांग्यावर काढणं लोकांनी खूप बघितलं असेल, पण ते काढणारा चारचौघांत उभा राहून कबूल करतोय हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं. बुवा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, मी पाणी श्रद्धेनं ओतायला सांगितलं होतं. उस्तादांनी शांतपणे विचारलं की श्रद्धेचं पाणी चिकणमातीला कमी ओलं लागतं का. तेवढ्यात तिसरी खीळ पडली, दार करकरलं, बिजागरीच्या बाजूनं आत ओढलं गेलं आणि सून त्याला खांद्यानं भिंतीला टेकवून बाहेर आली. हातात स्क्रूड्रायव्हर आणि वरवंटा, कोपराला खरचटलेलं, डोळे लाल. बुवांनी तिच्याकडे बघितलं नाही. आपल्याला आणखी एका घरी जायचंय असं त्यांना आठवलं.

पण अंधश्रद्धा बुवाबरोबर निघून जात नाही, ती मागे राहून कुरकुरते. कुणीतरी म्हणालंच, की गुरुवारचं ठीक आहे, पण ती बाहेर गेली आणि पाणी नाही घातलं, असं कुठं करून बघितलंय? सून त्या माणसावर चिडली नाही. उलट म्हणाली, बरोबर विचारलंत, तेच बाकी आहे, आणि ते उद्या करू. सगळ्यांनी या.

सोमवारी सकाळी सात वाजता दहाबारा जणांसमोर उस्तादांनी गेज लावलं. एक मिलिमीटर आणि ऐंशी शतांश. सून निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत सगळे तिच्या पाठीकडे बघत होते आणि तिला ते पाठीला जाणवत होतं. वळण घेतल्यावर ती थांबली, भिंतीला हात लावून चार श्वास घेतले आणि मग भराभर चालायला लागली. आठला दहा मिनिटं असताना ती प्रयोगशाळेच्या दारात होती.

त्या दिवशी भेगेत थेंब पडला नाही. सून संध्याकाळी परतली तेव्हाही एक मिलिमीटर आणि ऐंशी. मंगळवारी गेली, ऐंशी. बुधवारीही गेली, ऐंशी. बुवांचा निरोप आला की हा माझ्या आधीच्या शांतीचा गुण आहे. म्हणजे वाढली तर सुनेमुळे आणि थांबली तर बुवांमुळे! असा धंदा बरा, ज्यात तोटा कधी होतच नाही.

पुढे बांधकामातला जाणता इंजिनिअर आला. त्यानं सांगितलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. काँक्रीटला केसासारखी भेग गेली, दोन्ही कडा एका पातळीत आहेत आणि ती वाढत नाही, तर झोप उडवून घेऊ नका, बुजवून टाका. पण भेग वाढत असेल, तिची एक कड वर आली असेल, भिंतीत पायऱ्यांसारखी चढत असेल, दारंखिडक्या अडकत असतील, तर पाणी कुठून मुरतंय ते शोधा आणि जाणकाराला बोलवा. छपराचं पाणी पायाशी सोडू नका. तारीख टाकून मोजा, आणि मोजताना एका वेळी एकच गोष्ट बदला. जमीन कुणावर रुसत नाही आणि कुणाची बाजूही घेत नाही. ती फक्त फुगते आणि आक्रसते. तुमच्या घरातल्या माणसाला जमिनीच्या नावानं कुणी गुन्हेगार ठरवायला आलं, तर आधी एवढंच विचारा की तुम्ही मोजलंय का, आणि ह्या माणसाशिवाय मोजलंय का.

त्या बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई सुनेजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आणि समज, सोमवारी भेग वाढली असती तर?"

"तर खाली खणून बघितलं असतं, आई. मला कोंडून खालची माती कशी दिसली असती?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "कडी मी घातली होती."

"हो," सून म्हणाली. असू दे, असं ती म्हणाली नाही.

सासूबाईंनी डोळे पुसले. मग विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय तुला?"

"साडेसातला."

"मग मी साडेसहाला उठवते," सासूबाई म्हणाल्या. "तू झोप आता."